पुरावा तालुक्यात, तज्ज्ञ कुठे?

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व या पट्ट्यात द्राक्षाचा सौदा अजूनही बराचसा तोंडी होतो. व्यापारी बागेत येतो, घड हातात घेऊन पाहतो, एक-दोन मणी तोंडात टाकतो, चार किलोच्या पेटीचा दर ठरतो आणि दुसऱ्या दिवशी माल उतरवायला मजूर हजर. कागद झालाच तर कच्च्या चिठ्ठीपुरता. बाकी सगळं फोनमध्ये असतं. वजनाचे फोटो, ‘उद्या गाडी लावतो’ असा निरोप, थोडी रक्कम यूपीआयवर, राहिलेल्या रकमेचा वायदा एखाद्या व्हॉइस नोटमध्ये. हंगाम सरत आला की काही व्यापाऱ्यांचे फोन बंद लागायला लागतात. मग बागायतदार पोलीस ठाण्यात जातो, फोन पुढे करतो आणि म्हणतो, साहेब, सगळा पुरावा यात आहे.

आहेच. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे फोनमधल्या नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत दोन भागांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. त्यात मेक, मॉडेल, रंग, आयएमईआय क्रमांक आणि दिलेल्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा, त्यातही हॅश पुन्हा लिहायची. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये तज्ज्ञाची ही सही नव्हती. हॅश म्हणजे काय ते समजावणारा वकील तासगावात, विट्यात, फलटणला मिळेल. ‘ब’ भागावर सही करणारा माणूस कुठे बसतो, त्याची फी किती आणि त्याला तज्ज्ञ कुणी ठरवलं, याचं सरळ उत्तर मात्र तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही.

कायदा कडक झाला याबद्दल तक्रार नाही. फोटो, आवाज, चॅट, सगळंच बनावट करता येतं अशा काळात न्यायालयाने प्रतीच्या अस्सलपणाचा दाखला मागणं रास्तच. तक्रार आहे ती मापाबद्दल. कायद्याने माप बदललं, पण ते माप धरायला लागणारी माणसं आणि साधनं मुंबई-पुण्याच्या दिशेलाच राहिली. डिजिटल पुरावा टिकणार की पडणार हे बहुतेक वेळा निकालाच्या दिवशी ठरत नाही. जप्तीच्या पहिल्या तासात, एखाद्या हवालदाराने डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची, वायर कशी काढली यावर ते ठरून गेलेलं असतं. तो तास तालुक्यात असतो. तेव्हा तज्ज्ञही तालुक्याच्या हाकेच्या अंतरावर असायला हवा.

अस्सलपणाचा हा प्रश्न संगणकाबरोबर आला असंही नाही. मुंबईतल्या एका महापालिका कारकुनाला लाच देऊ केल्याचं संभाषण खोलीत दडवलेल्या मायक्रोफोनवरून टेप झालं होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेप मान्य केली, पण ती सीलबंद केलेली नव्हती यावर बोटही ठेवलं. सील नसेल तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे कशावरून, हा सवाल तेव्हाच विचारला गेला. पुढे मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या खटल्यात टेलिफोनवरचं संभाषण पुरावा म्हणून आलं. तेव्हा न्यायालयाने कसोट्या सांगितल्या त्या अशा: संभाषण प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमध्ये खाडाखोड झाली नसल्याची खात्री हवी. पन्नास वर्षांपूर्वीच्या या तीन कसोट्यांत आजचं अर्धं डिजिटल फॉरेन्सिक बसतं.

प्रमाणपत्राचा घोळ मात्र खास आपल्या पिढीचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याने ६५-ब आणलं. २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविना आलेले कॉल तपशील चालवून घेतले. २०१४ मध्ये केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते मत मोडून काढलं आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींनी पुन्हा ढिलाई दिली. शेवटी हा वाद महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून मिटला आणि ते प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे.

जालना विधानसभा मतदारसंघ, २०१४. शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले गेले, असा आक्षेप निवडणूक याचिकेत होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे चालू होते, म्हणजे घड्याळाचा साक्षीदार हजर होता. उच्च न्यायालयाने चित्रीकरण मागवलं, सीडी आल्या. प्रमाणपत्र काही आलं नाही. याचिकाकर्त्यांनी लेखी मागण्या केल्या, तरी अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची साक्ष हीच पुरेशी पूर्तता मानून निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. सूट दोनच ठिकाणी. मूळ यंत्रच, म्हणजे लॅपटॉप किंवा फोन, मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. जालन्यात दुसरी गोष्ट घडली होती. शिवाय चित्रीकरण बाजूला ठेवलं तरी इतर पुरावा पुरेसा होता, म्हणून निवडणूक रद्दच राहिली. निकाल येईपर्यंत त्या विधानसभेची मुदत मात्र संपून गेली होती.

सरकारी कार्यालयातला, सरकारी कॅमेऱ्याने टिपलेला, वेळेची नोंद असलेला पुरावा एका पानाच्या कागदापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरला. जालन्याच्या उमेदवारांना दिल्लीपर्यंत वकील लावणं झेपलं. माण किंवा जतच्या फिर्यादीला ते झेपणार नाही, इतकाच यातला फरक.

आता हॅश. कुठल्याही फाइलमधल्या सगळ्या बिट्स एका गणिती सूत्रातून काढल्या की ठराविक लांबीची अक्षरं आणि आकड्यांची ओळ मिळते. एसएचए-२५६ वापरलं तर ती चौसष्ट चिन्हांची असते. दोन तासांच्या चित्रीकरणातल्या एका चौकटीतला एक ठिपका बदलला तरी ओळ पार वेगळी येते. जप्तीच्या वेळी ही ओळ पंचनाम्यात लिहिली आणि तीन वर्षांनी न्यायालयात तीच फाइल तपासून तीच ओळ आली, तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे सिद्ध होतं. लाखेच्या सीलचं काम आकडा करतो, आणि लाख तरी गरम सुरीने उचलता येते. यासाठी महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. विंडोज संगणकात हॅश काढायची आज्ञा आधीपासूनच असते आणि एका ओळीत काम होतं. एफटीके इमेजर, ऑटोप्सी ही कामाची साधनं फुकट मिळतात.

कायद्याच्या नमुन्यात मात्र एक जुनाट खोड राहिली आहे. प्रमाणपत्रात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि ‘इतर’ असे चौकोन दिले आहेत. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींची एकच हॅश काढता येते हे २००४ मध्येच दाखवलं गेलं. एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी करून दाखवलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने तर २०३० अखेर एसएचए-१ वापरातून काढायचं जाहीर केलं आहे. प्रामाणिकपणे जप्त केलेल्या फाइलची नक्कल अशी सहजासहजी बनवता येत नाही, हे खरं. पण उलटतपासणीत बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा कशाला द्यायचा? एसएचए-२५६ च्या चौकोनावर खूण करायला तितकाच वेळ लागतो.

सगळं घसरतं ते प्रत्यक्ष जागेवर. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरवळपासून कराडपर्यंत आणि पुढे कासेगाव, पेठ नाक्यापर्यंत धाबे, पेट्रोल पंप आणि टायरच्या दुकानांनी भरलेला आहे, आणि जवळजवळ प्रत्येकावर कॅमेरा आहे. अपघात करून गाडी पळाली की पोलीस पहिल्यांदा तिकडेच जातात. घाईत काय होतं हे फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मॉनिटरवर चित्र लावलं जातं आणि समोर फोन धरून त्याचंच पुन्हा चित्रीकरण होतं. ते व्हॉट्सॲपवरून वरिष्ठांना जातं. व्हॉट्सॲप ते आवळून लहान करतं, मूळ तारीख-वेळेची माहिती गळून पडते आणि हॅश बदलते. पुढे कुणीतरी ते संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घालतं, पेन ड्राइव्ह खाकी पाकिटात जातो, पाकीट मुद्देमाल कारकुनाच्या कपाटात. दोषारोपपत्राबरोबर ते बाहेर येतं तेव्हा डीव्हीआरमधलं मूळ चित्र कधीच पुसलं गेलेलं असतं, कारण डिस्क भरली की बहुतेक डीव्हीआर जुन्यावर नवं लिहितात. पंधरा दिवस, फार तर महिना.

पाकिटावर सह्या असतात, पंच असतात, लाखही असते. उलटतपासणीत एकच प्रश्न पुरतो. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर होतं का?

बहुतेक वेळा नसतंच. आतली छोटी बॅटरी संपलेली असते, दुकानदाराने कधी वेळ लावलेली नसते. कुठे दहा मिनिटं पुढे, कुठे सहा तास मागे, कुठे वर्षच वेगळं. त्यात गुन्हा नाही, गुन्हा आहे तो हा फरक न नोंदवण्यात. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइल नेटवर्कवरची वेळ एकाच फोटोत घ्यायची, फरक पंचनाम्यात लिहायचा. चित्रीकरण त्या कंपनीच्या मूळ स्वरूपात, ते चालवणाऱ्या प्लेअरसकट उतरवायचं. पंचांसमोर हॅश काढून तो आकडा पंचनाम्यात लिहायचा आणि एक प्रत दुकानदाराला द्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे. डीव्हीआरच उचलायचा असेल तर डिस्क थेट पोलीस ठाण्यातल्या संगणकाला जोडायची नाही, कारण विंडोज जोडल्या क्षणी डिस्कवर स्वतःच्या नोंदी लिहायला लागतं. मधे डिस्कवर काही लिहू न देणारा राइट ब्लॉकर लावून बिट-बिट तशीच प्रत काढायची आणि तपासणी त्या प्रतीवर करायची.

फोनचं आणखी अवघड. चालू फोन जप्त करून नेटवर्कवर तसाच ठेवला, तर मालक लांबून तो साफ करू शकतो. म्हणून सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत घालायचा किंवा विमान मोडवर टाकायचा. पण घाबरून बंद केला, तरी नुकसान होऊ शकतं. आजकालच्या फोनमध्ये सुरू झाल्यावर एकदा कुलूप उघडलं की आतल्या कुलपांच्या किल्ल्या स्मृतीत असतात. फोन बंद केला की त्या जातात आणि प्रयोगशाळेच्या हाती फारच थोडं लागतं. शिवाय फोनची हॅश दोनदा काढली तर दोनदा वेगळी येते, कारण फोन सतत स्वतःशी काहीतरी लिहीत असतो. म्हणून हॅश फोनची नव्हे, त्यातून काढलेल्या फाइलची घ्यायची. हे एवढं कळत नसल्यामुळे, आकडे जुळत नाहीत म्हणून चांगला पुरावाही संशयात सापडू शकतो.

म्हैसाळचं उदाहरण या घाईच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातल्या या गावात दोन भावांच्या कुटुंबांतले नऊजण मृतावस्थेत सापडले. चिठ्ठ्या सापडल्या, त्यांत सावकारांची नावं होती. पहिला निष्कर्ष आत्महत्येचा निघाला आणि सावकारांवर गुन्हे दाखल झाले. आठवड्याभरात पोलिसांनी चित्रच पालटलं. गुप्तधनाच्या आमिषातून सोलापूरच्या मांत्रिकाने विष देऊन हे खून केले, असा आरोप ठेवला. अशा प्रकरणात पहिल्या दिवशी ‘आत्महत्याच दिसते’ म्हणत गावाच्या रस्त्यावरचे डीव्हीआर आणि फोन तसेच सोडून दिले, तर आठवड्याने हाती काय राहील? गुन्हा कोणता हे नक्की व्हायच्या आधीच पुरावा जपावा लागतो. पुस्तकात हा नियम सगळ्यांनी वाचलेला असतो, अडचण फक्त रात्री दोन वाजता तो पाळायला कुणी नसण्याची असते.

साताऱ्याने २०२३ मध्ये वेगळाच धडा घेतला. एका अल्पवयीन मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला आणि शहर तापलं. तो मजकूर खातं ज्याच्या नावावर होतं त्याने लिहिलाच नव्हता. दुसऱ्याच तरुणाने त्याच्या खात्यात शिरून तो टाकल्याचं पोलिसांच्या तपासात निष्पन्न झालं आणि त्या तरुणाला अटक झाली. त्याच सुमारास, १० सप्टेंबरच्या रात्री, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या अशाच मजकुरावरून जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. खातं आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधली साखळी आयपी पत्ता, लॉगिनच्या नोंदी आणि प्रत्यक्ष यंत्र यांनीच जोडता येते. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीच नसतं. त्यावर दिसणारं नाव फोनमालकाने जे सेव्ह केलं तेच असतं. जमावाला स्क्रीनशॉट पुरतो. न्यायालयाला पुरत नाही, आणि पुरू नये.

टॉवर लोकेशनचंही असंच. पुण्या-मुंबईत एक टॉवर चार गल्ल्या सांभाळतो. माण-खटावच्या माळावर त्याची हद्द कित्येक किलोमीटर पसरते. ‘आरोपी घटनास्थळी होता’ हे वाक्य तिथे ‘आरोपी त्या पंचक्रोशीत कुठेतरी होता’ इतकंच खरं असतं. सीडीआरला, म्हणजे कॉल तपशिलांना, दूरसंचार कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडलं म्हणजे नोंद अस्सल ठरते, तिचा अर्थ मात्र आपोआप बरोबर ठरत नाही. सरकारी वकील हा फरक सोयीने विसरतात, आणि बचावाच्या वकिलांनाही तो नेहमी आठवतोच असं नाही.

पुरावा ज्याच्या ताब्यात आहे तोच आरोपी असेल तर? सांगलीत हे घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहर पोलीस ठाण्यात एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनीच त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला आणि तो पळून गेल्याचा बनाव केला, असा आरोप सीआयडीने ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि अठरा महिन्यांचं, किमान वर्षभराचं चित्रीकरण जपण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये न्यायालयाला या विषयाची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून अंमलबजावणी कशी झाली ते समजावं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदली जाते. चांगली सोय आहे. मात्र चित्रीकरण पंचनाम्याचं होतं, जप्त केलेल्या फाइलचं नाही. पोलिसांनी पेन ड्राइव्ह पाकिटात घातल्याचा सुबक व्हिडिओ असेल आणि आतल्या फाइलची हॅश कुठेच नसेल, तर पाकीट कसं बंद केलं तेवढंच सिद्ध होईल.

आरोपीच्या हातात प्रत देण्याचा मुद्दा पोलिसांना आवडत नाही, पण तो टाळता येणार नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला. बचाव पक्षाने डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगला तपासायला दिली. नेटवायर नावाच्या सॉफ्टवेअरद्वारे बावीस महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकात बाहेरून शिरकाव होत होता आणि गुन्हा दाखवणारी पत्रं तशीच आत ठेवली गेली, असं त्यांच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात होतं. एनआयएने हे अमान्य केलं. खरं कोण हे न्यायालय ठरवेल. पण वाद घालता आला तो डिस्कची प्रत हाती आल्यामुळे. तीच मुभा मिरजेतल्या किंवा वाईतल्या साध्या आरोपीलाही हवी, आणि तिचा मार्ग सोपा आहे. जप्तीच्या वेळी हॅशचा आकडा लिहून त्याच्या हातात द्यायचा. पोलिसांचं त्यात काही जात नाही, उलट फाइल बदलल्याचा आरोप उद्या झाला तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

आता ‘ब’ भागाकडे. तज्ज्ञ कोण, हे कलम ६३ सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेले ‘इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षक’ देशभरात मोजकेच आहेत, आणि ते सरकारी प्रयोगशाळा आहेत. साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ ने त्यांच्या मताला स्थान दिलं आहे. पण ‘ब’ भागाचा तज्ज्ञ तोच हवा की कुणीही जाणकार चालेल, यावर वकिलांत दोन मतं आहेत. तोच हवा म्हटलं, तर द्राक्षाच्या दोन लाखांच्या दाव्यासाठी सरकारी प्रयोगशाळेच्या रांगेत उभं राहायचं. कुणीही चालेल म्हटलं, तर लवकरच न्यायालयाबाहेरच्या झेरॉक्स सेंटरवर ‘कलम ६३ चं सर्टिफिकेट करून मिळेल’ अशी पाटी लागेल आणि तज्ज्ञाच्या सहीची किंमत नोटरीच्या शिक्क्याएवढी होईल. दुसरी शक्यता जास्त जवळची वाटते.

राज्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे, पुणे आणि कोल्हापूरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब सुरू झाल्या त्या २०१६ मध्ये. कागदावर रचना आहे. पण जतहून सांगली गाठायची म्हणजे दोन तासांचा रस्ता आणि सायबरच्या ठाण्यात ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींची रांग आधीच लागलेली. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं संहितेच्या कलम १७६ मध्ये आलं आहे आणि राज्यांना ते लागू करायला पाच वर्षं दिली आहेत. ही मुदत २०२९ च्या मध्याला संपते. फिरत्या व्हॅन येतील, त्यांचे फोटोही येतील. व्हॅनमधल्या माणसाला डीव्हीआरचं घड्याळ तपासायची सवय लागली का, हे फोटोत दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांना आजच करता येतील. सांगलीत विश्रामबागेला १९४७ पासूनचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक तिथे आहेत, प्रयोगशाळा आहेत. कलिन्याच्या प्रयोगशाळेने त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण द्यावं, त्यांची नावं जिल्हा न्यायाधीशांच्या यादीत यावीत आणि ‘ब’ भागाची फी ठरवून जाहीर करावी. ज्यांना परवडत नाही त्यांची फी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने भरावी. खासगी व्यक्तीला तज्ज्ञ म्हणून घ्यायला हरकत नाही, पण त्याने काढलेल्या हॅशबरोबर वापरलेलं साधन, त्याची आवृत्ती आणि पद्धत लिहून द्यायची सक्ती हवी, म्हणजे दुसरा कुणी तेच करून पाहू शकेल. उलटतपासणीला उभं राहायची तयारी नसलेल्याने सही करूच नये.

दुसरी गोष्ट न्यायालयांच्या हातातली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सातारा, सांगलीची अपिलं तिथेच जातात. खालच्या न्यायालयात हॅशविना स्वीकारलेल्या पेन ड्राइव्हचे वाद काही वर्षांत त्याच बेंचपुढे येतील. त्याआधीच, रिमांडच्या पहिल्या तारखेला दंडाधिकाऱ्यांनी तपास अधिकाऱ्याला दोन प्रश्न विचारायचा प्रघात पाडता येईल. जप्त केलेल्या प्रत्येक डिजिटल वस्तूची हॅश पंचनाम्यात आहे का, आणि नसेल तर का नाही? उत्तर रोजनाम्यात लिहून घ्यावं. चित्र डीव्हीआरमध्ये अजून शिल्लक असतानाच हे विचारलं, तर चूक दुरुस्त करायला तपास अधिकाऱ्याच्या हातात निदान काही दिवस असतील.